थेंब केवढा, पडसाद केवढा

२६ ऑगस्ट २०२४. गोकुळाष्टमीचा दिवस. दुपारी बडोद्याहून अक्काचा फोन आला. लग्न होऊन ती तिकडं गेली त्याला पंचवीस वर्षं उलटली, पण काही अडलं की अजून धाकट्या भावालाच फोन करते. म्हणाली, "सकाळपासून पावसानं उसंत दिलेली नाही रे. विश्वामित्रीचं पाणी वाढतंय म्हणतात. खालचं सामान वर न्यावं का?"

मी इकडे बेळगावात बसून मोबाइलवर भूजच्या रडारचं चित्र उघडलं. गुजरातवर ठिकठिकाणी रंग होते, पण बडोद्याच्या जागी नुसते फिकट ठिपके. मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "तुमच्यावर काही विशेष दिसत नाही. उगीच ओढाताण करू नकोस."

पुढच्या दोन दिवसांत विश्वामित्री पस्तीस फुटांच्या वर गेली, म्हणजे धोक्याच्या खुणेपेक्षा नऊ-दहा फूट जास्त. शहरातला पाऊस, त्यात वरून आजवा सरोवराचं पाणी. त्या नदीत मगरी आहेत, त्याही लोकवस्तीत शिरल्या. अक्काच्या कारेलीबागेतल्या घरात कमरेइतकं पाणी आलं. शिलाई मशीन, धान्याच्या कोठ्या, आईनं दिलेलं लाकडी कपाट, सगळं गेलं. अक्का मला एका शब्दानंही बोलली नाही. दाजी मात्र दिवाळीत सगळ्यांदेखत म्हणाले, "आम्ही गणिताच्या मास्तरांना विचारून सामान खाली ठेवलं होतं." सगळे हसले. मीही हसलो.

वेधशाळेनं त्या दिवशी गुजरातसाठी लाल इशारा दिलेला होता, आणि तो मी वाचलाही होता. पण इशारा म्हणजे शब्द आणि रडार म्हणजे डोळ्यांना दिसणारं चित्र, असं काहीतरी माझ्या मनानं घेतलं. दिवाळीनंतर वही काढून बसलो आणि आपण नेमकं काय चुकलो ते मांडून पाहिलं.

प्रतिध्वनी हा शब्द आपल्या घरांत मराठीत आणि कन्नडात एकच आहे, त्यामुळे समजावायला सोपं. डोंगरासमोर उभं राहून हाक मारली की ती परत येते. रडार तेच करतं, फक्त आवाजाऐवजी रेडिओलहरींनी. आता परत येणारा पडसाद किती जोराचा? निघालेली लहर जाता जाता पसरते. अंतर दुप्पट झालं की तेवढ्याच जागेवर चौथा हिस्सा पडतो. वस्तूवर आपटून परत फिरताना ती पुन्हा तशीच पसरते, म्हणजे पुन्हा चौथा हिस्सा. चौथ्याचा चौथा म्हणजे सोळावा. म्हणून विमानाचा पडसाद अंतराच्या चौथ्या घातानं उतरतो. दुप्पट लांबचं विमान तितकंच स्पष्ट दिसायला हवं असेल, तर ताकद सोळापट लागते.

आकडे घालून बघू. बडोद्यात सी-२९५ या मालवाहू विमानांच्या जुळणीच्या कारखान्याचं उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झालं. तसं एखादं विमान शंभर किलोमीटरवर आहे समजा. रडारनं दहा लाख वॉटचा ठोका सोडला, लहरीची लांबी दहा सेंटिमीटर, आणि अँटेनानं सगळी ताकद एका दिशेला गोळा करून ती अडीच हजारपट केली. विमान जणू दहा चौरस मीटरच्या आकाराइतकी लहर परत फेकतं, असं धरू. (हा आकडा मी हिशेबाच्या सोयीसाठी घेतला. तो विमानाच्या लांबीरुंदीवरून निघत नाही. नाकासमोरून वेगळा, कुशीवरून वेगळा.) गुणाकार-भागाकार करून परत येणारी ताकद निघते, एका वॉटचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातले तीन भाग. सोडले दहा लाख वॉट आणि हाती आलं एवढं! दोनशे किलोमीटरवर त्याचाही सोळावा हिस्सा. यंत्र एवढं बारीक ऐकतं, याचं मला अजून नवल वाटतं.

पावसाचं गणित थोडं निराळं. विमान एकच असतं, पण रडारचा झोत जसा लांब जाईल तसा रुंद होतो आणि त्यात जास्त थेंब मावतात. त्यामुळे अंतराचा फटका चौथ्या घाताऐवजी वर्गावर येतो, आणि तो संगणक भरून काढतो. पावसातली खरी गोम थेंबाच्या आकारात आहे. लहर दहा सेंटिमीटरची आणि थेंब काही मिलिमीटरचा. एवढ्याशा थेंबात लहरीमुळं होणारी विजेची हालचाल त्याच्या घनफळाइतकी, म्हणजे व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. परत येणारी ताकद त्या हालचालीच्या वर्गाइतकी. घनाचा वर्ग म्हणजे सहावा घात!

याचा अर्थ असा. चार मिलिमीटरच्या एका थेंबात एक मिलिमीटरच्या ६४ थेंबांइतकं पाणी असतं, पण तो पडसाद देतो अशा ४०९६ थेंबांइतका. तेच पाणी बारीक थेंबांतून पडलं तर रडारला चौसष्टपट क्षीण ऐकू येतं.

आपल्याकडच्या माणसाला हे पटायला वेळ लागू नये. मे महिन्यातला वळीव आठवा. पत्र्यावर टपोरे थेंब ताडताड वाजतात, अंगण भिजेपर्यंत थांबलेलासुद्धा असतो. आणि खानापूर-आंबोलीकडची आषाढातली झड? आवाज नाही, थेंब दिसतही नाही. आमच्या सासूबाई त्याला 'जिटीजिटी मळे' म्हणतात आणि वाळत घातलेले कपडे आठ दिवस वाळत नाहीत म्हणून वैतागतात. विहिरी-तलाव भरतात ते या गप्प पावसानं. रडारच्या कानी मात्र वळीवच मोठ्यानं पडतो.

पडसादावरून पाऊस काढायची सूत्रं आहेत. कॅनडातल्या मार्शल आणि पामर यांनी १९४८ मध्ये पावसातल्या थेंबांच्या आकारांची मांडणी प्रसिद्ध केली. त्यांच्या नावानं चालणारं सूत्र घेतलं तर ४० डीबीझेड (पडसादाचं माप) म्हणजे तासाला साडेअकरा मिलिमीटर पाऊस. उष्ण कटिबंधातल्या बारीक थेंबांच्या पावसासाठी दुसरं सूत्र वापरतात. त्यात त्याच ४० ला साडेएकवीस मिलिमीटर येतात. पडदा तोच, रंग तोच, पाऊस जवळजवळ दुप्पट. त्या आठवड्यात गुजरातवर बसलेलं वादळी क्षेत्र (पुढे ३० ऑगस्टला अरबी समुद्रावर त्याचं 'असना' चक्रीवादळ झालं) हा पावसाळ्यातलाच, समुद्राच्या ओल्या हवेवर पोसलेला प्रकार होता. मी मनात वळवाचं कोष्टक धरून बसलो होतो.

पण एवढ्यावर माझी सुटका होत नाही. खरी चूक याहून साधी, शाळेतल्या भूमितीची. भूज ते बडोदा अंतर सुमारे पावणेचारशे किलोमीटर. पृथ्वी गोल आहे, झोत तिच्या मानानं सरळ जातो. अर्धा अंश वर रोखलेला झोत तेवढ्या अंतरावर जमिनीपासून अकरा किलोमीटरच्याही वर असतो. आडवा सपाट सोडला तरी आठ किलोमीटर. पावसाळी ढगात पाण्याचे थेंब असतात ते साधारण पाच किलोमीटरच्या खाली, वर नुसते बर्फाचे कण. बर्फ तर पाण्याच्या पाचव्या हिश्श्याइतकाच पडसाद देतो. म्हणजे अक्काच्या घरावर काय कोसळत होतं ते त्या चित्रात येणंच शक्य नव्हतं. मी बघत होतो ढगाचा शेंडा, आणि सांगत होतो तळमजल्याचं.

रडारला दोष नाही. आपल्याला पणजीचं रडार ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर आहे. तिथून आपल्यापर्यंत येताना झोत एक किलोमीटरच्या जरा वर असतो, सह्याद्रीच्या माथ्याला जवळजवळ चाटूनच येतो, पण पाऊस पकडतो. अंतर विचारल्याशिवाय चित्र बघायचं नाही, एवढं मी वर्गातल्या मुलांना आता सांगतो. आजवर घातांकाची उदाहरणं मी व्याजावरून द्यायचो. यंदा थेंबावरून दिली. शेवटच्या बाकावरच्या एकानं विचारलं, "सर, मग गारा पडल्या तर?" रडार फारच आरडाओरडा करतं आणि पावसाचा आकडा भलताच फुगतो, असं सांगितलं. पोरं खूश.

अक्काचं शिलाई मशीन नवीन आलं. ते वरच्या मजल्यावर, खिडकीजवळ ठेवलंय. पुढच्या पावसाळ्यात तिचा फोन आला तेव्हा तिनं आधी सांगून टाकलं, "सामान वर नेलंय, विचारायला नाही केला फोन." मग थोडं थांबून म्हणाली, "तरी बघ, तुझं रडार काय म्हणतंय?"

मी म्हटलं, "ते राहू दे. तू गच्चीवर जाऊन सांग, थेंब केवढा आहे?"