जेम्स बनाना म्हणे

२३ जुलै २०२१ ची दुपार. टोकियो ऑलिम्पिकचं उद्घाटन चालू होतं. तिकडे स्टेडियम रिकामं, खेळाडूंच्या तोंडाला मास्क. इकडे आमच्या बेळगावच्या घरात सगळे चहाचे कप घेऊन टीव्हीसमोर. मेरी कोम आणि मनप्रीत सिंग तिरंगा घेऊन कधी येतात, एवढंच आम्हाला बघायचं होतं. मागं संगीत वाजत होतं, त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. एकाएकी भाचा उठून उभा राहिला. "आत्ती, हे ग्रेडियसचं हाय की! गेमचं म्यूझिक लावल्यात!"

"गप बस," माझा भाऊ म्हणाला. "ऑलिम्पिकात व्हिडिओ गेमचं कशाला लावतील?"

लावलं होतं. देशोदेशीचे संघ चालत येत असताना वाजलेलं सगळं संगीत जपानी व्हिडिओ गेमांतलं होतं. ड्रॅगन क्वेस्ट, फायनल फँटसी, किंग्डम हार्ट्स आणि त्यातच ग्रेडियस. मी भाच्याला विचारलं, "कुणी केलंय रे ते ग्रेडियसचं?"

"कोनामी."

"ती कंपनी झाली. चाल कुणी बांधली?"

"ते काय म्हाईत नाही बा."

ज्या पोराला त्या खेळातलं कुठलं विमान कुठून येणार हे तोंडपाठ, त्याला ती चाल बांधणारीचं नाव माहीत नाही. हो, बांधणारीचं. मिकी हिगाशिनो तिचं नाव. १९८५ साली ग्रेडियस आला तेव्हा ती अजून विद्यार्थिनी होती. छत्तीस वर्षांनी तिची चाल जगाच्या सर्वांत मोठ्या सोहळ्यात वाजली आणि आम्ही तेवढ्या वेळात चहात बिस्कीट बुडवत बसलो.

माझं भांडण इथूनच सुरू होतं. मी स्वतः खेळत नाही, मला ते जमतही नाही. पण त्या दिवसापासून मी हे संगीत खेळ बंद ठेवून ऐकायला लागले. आणि मला दिसलं की याला तीन बाजूंनी मार बसतो. मोठी माणसं म्हणतात, ही पिपाणी आहे. पोरं मारिओ, झेल्डा, फायनल फँटसीच्या पलीकडं जात नाहीत. आणि ज्या कंपन्यांनी यावर पैसा मिळवला, त्यांनी ते करणाऱ्यांची नावंच झाकून ठेवली. तिघांशीही बोलायचं आहे.

आधी पिपाणीवाल्यांशी. नव्वदच्या दशकात आपल्या घराघरांत टीव्हीला जोडायचा तो खेळ आला, ज्याच्या डब्याला आपण 'कॅसेट' म्हणायचो. बहुतेक घरांतला तो जपानच्या फॅमिकॉम यंत्राची नक्कल असायचा. त्या यंत्रात एका वेळी फक्त पाच आवाज निघत. दोन चौकोनी तरंगांचे, एक त्रिकोणी तरंगाचा, एक नुसत्या खरखरीचा आणि पाचवा आधी भरून ठेवलेल्या छोट्या ध्वनीच्या तुकड्यासाठी. बस्स. चाल, साथ, ठेका सगळं एवढ्यातच बसवायचं. तीन सूर एकत्र लावायला आवाज पुरत नाहीत, म्हणून ते तिन्ही सूर एकामागून एक इतक्या झपाट्यानं वाजवायचे की कानाला एकत्रच वाटावेत. त्यात खेळणाऱ्यानं उडी मारली की उडीचा आवाज त्या पाचांतलाच एक उचलणार. म्हणजे मैफल रंगात आली असताना पेटीवाला दार उघडायला उठून जाणार, आणि तरी गाणं पडता कामा नये.

हे करून बघा आणि मग पिपाणी म्हणा.

नामको कंपनीच्या त्या काळच्या यंत्रांत तर वाद्यच तयार नसायचं. आवाजाच्या एका तरंगाला ३२ ठिपके, प्रत्येक ठिपका १६ पातळ्यांपैकी कुठल्या तरी एकीवर ठेवायचा. ठिपके कसे मांडाल तसा आवाज निघेल. 'टॉवर ऑफ ड्रुआगा' या १९८४ च्या खेळाचं संगीत करणारी जुन्को ओझावा संगीत शिकलेली बाई. सूर बांधायच्या आधी आवाज घडवायचा, हे काम तिच्याकडं होतं. दारातली ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बाईला हे मी समजावून सांगायची गरज नाही. एक ठिपका चुकला की सगळं बिघडतं, हे तिला ठाऊक आहे.

"पण तेच तेच वाजतं," हा दुसरा आक्षेप. वाजणारच. खेळणारा एका पायरीवर दहा मिनिटं अडकेल की दोन तास, हे रचणारीला माहीत नसतं. मिनिटाभराची चाल, तिचं शेपूट तिच्या तोंडात असं जोडायचं की सांधा कळू नये, आणि शंभराव्या वेळीही वीट येऊ नये. जात्यावरच्या ओवीचा सूरही तोच तोच असायचा. पायली दळून होईपर्यंत तो बाईला सोबत करायचा. आपण ओवीला लोकसाहित्य म्हणून डोक्यावर घेतलं, तेही ती म्हणणाऱ्या बायका आणि जाती दोन्ही गेल्यावर. कामाबरोबर वाजणारं संगीत हलकं, हा न्याय लावायचा तर पाळण्याची गाणीही हलकीच म्हणावी लागतील.

आता नावांकडं येते, कारण खरा राग तिथं आहे.

कोनामीचा 'कॅसलव्हेनिया' हा खेळ १९८६ साली आला. ड्रॅक्युलाचा वाडा, हातात चाबूक घेतलेला नायक. त्याचं संगीत किनुयो यामाशिता हिनं सातोए तेराशिमा या दुसऱ्या बाईबरोबर केलं. यामाशिता नुकतीच शिक्षण संपवून नोकरीला लागली होती. खेळ जिंकला की शेवटी नामावली येते. तिथं संगीतकार म्हणून नाव आहे 'जेम्स बनाना'. ड्रॅक्युलाच्या जुन्या इंग्रजी सिनेमांना संगीत देणाऱ्या जेम्स बर्नार्ड यांच्या नावाची ती थट्टा. नामावलीतली बाकीची नावंही अशीच भुताखेतांच्या सिनेमांवरून उचललेली. गंमत म्हणून ठीक आहे. पण गमतीत खरं नाव कुठंच नाही, आणि दोन जपानी मुलींच्या कामाखाली एका गोऱ्या केळ्याची सही.

आपल्याकडं अभंगाच्या शेवटी नाममुद्रा असते. तुकोबांची आहे, आणि दुसऱ्याच्या घरी दळण-कांडण करणाऱ्या जनाबाईचीही आहे. सातशे वर्षांपूर्वीच्या दासीला आपलं नाव आपल्या ओळीत ठेवता आलं. १९८६ साली ओसाकाकडच्या पगारी मुलीला ते ठेवता आलं नाही. तिच्या गाण्याच्या शेवटी येतं, जेम्स बनाना म्हणे.

आमच्या जैन पोथ्यांच्या शेवटी प्रशस्ती असते. ग्रंथ कुणी रचला, कुणी लिहून काढला, कुणाच्या दानातून झाला, हे त्यात नोंदवायची रीत. दहाव्या शतकात अत्तिमब्बेनं पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या हजार प्रती लिहवून घेतल्या आणि वाटल्या. ती कवी नव्हती, लेखनिकही नव्हती; तिनं प्रती करवल्या. आमच्या कर्नाटकात तिचं नाव आजही आदरानं घेतात. करवून घेणारीचं नाव हजार वर्षं टिकतं आणि करणारीचं चाळीस वर्षांत शोधावं लागतं, हे मला पटत नाही.

कुणी म्हणेल, पुरुषांचीही नावं झाकली होती. खरं आहे, झाकली होती. दुसऱ्या कंपनीनं आपली माणसं पळवू नयेत म्हणून तसं करत, असं कारण नेहमी सांगितलं जातं. टोपणनावं, नाहीतर सगळ्यांना मिळून एकच नाव: कोनामीच्या ध्वनिमंडळाचं नाव 'चौकोनी तरंगांचा क्लब' अशा अर्थाचं, तैतोच्या मंडळाचं 'झुनताता'. मानामी मात्सुमाए हिनं १९८७ साली 'मेगा मॅन'चं संगीत केलं, तेही टोपणनावानंच. मात्र झाकलेलं नाव पुढं उघडतं कुणाचं, हेही बघा. पुढच्या काळात मोठ्या सभागृहांत या संगीताच्या मैफली झाल्या, तेव्हा पोस्टरवर पुन्हा पुन्हा तीच दोन-चार नावं आली. आणि आपल्याकडं आलेल्या नकली कॅसेटींत बऱ्याचदा कंपनीचं नावसुद्धा खोडलेलं असायचं. चोरीच्या मालावर मालकाचं नाव नको म्हणून. आपण त्या चाली वर्षानुवर्षं फुकट ऐकल्या. तेव्हा हिशेबात आपणही आहोत.

तिसरा आक्षेप माझ्या घरातलाच. "आपण जैन. पाणी गाळून पिणारे. मारामारीच्या खेळाचं कौतुक काय करायलीस?" वहिनींचा हा प्रश्न मी उडवून लावणार नाही. मारण्याची मजा वाटावी म्हणून केलेला खेळ मलाही नको वाटतो. १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर २' मध्ये भारताचा म्हणून जो योगी आहे, त्याच्या गळ्यात कवट्या आणि तोंडातून आग. मागं हत्ती उभे. असला योगी मी तरी कुठं बघितला नाही. त्या खेळाचं बहुतेक संगीत योको शिमोमुरा हिचं. ती मला थोर वाटते, तरी त्यातला भारत ऐकीव आहे, हे मी म्हणणारच. पण एका अंगानं वस्तू बघून निकाल देऊ नये, हे आपल्यालाच शिकवलंय ना? रणसंगीत ऐकणारा प्रत्येकजण तलवार उपसत नाही. पोवाडे आपणही ऐकतो. खेळ नको तर खेळू नका. चाल ऐकायला चाबूक हातात घ्यावा लागत नाही.

याच शिमोमुराचं उदाहरण पोरांसाठी घेते. ओसाकाच्या संगीत महाविद्यालयात ती पियानो शिकली आणि १९८८ साली कॅपकॉम कंपनीत गेली. पियानोची शिक्षिका व्हायची सोडून पोरगी गेम कंपनीत जाते, हे घरी रुचलं नव्हतं, असं तिनंच मुलाखतींत सांगितलंय. 'किंग्डम हार्ट्स'मुळं तिचं नाव झालं, ते पोरांना माहीत असतं. पण १९९४ चा 'लाइव्ह अ लाइव्ह' किती जणांनी ऐकलाय? तो खेळ जपानबाहेर अधिकृतपणे आला २०२२ साली, अठ्ठावीस वर्षांनी. त्यात वेगवेगळ्या काळांच्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत: आदिमानव, चीनमधला कुंग फूचा म्हातारा गुरू, एदो काळातला निंजा, अमेरिकेतलं काउबॉयचं गाव, अंतराळातलं जहाज. एका बाईनं एवढे मुलूख सुरांत उभे केले. आदिमानवाच्या गोष्टीत माणसांना अजून भाषाच नाही, संवाद नाहीत. तिथं बोलायचं काम संगीत करतं. एवढं एक प्रकरण ऐका आणि मग मला सांगा की हे मागं वाजणारं संगीत आहे.

हिगाशिनोचा ग्रेडियस ऐकलात, तर पुढं १९९५ चा तिचा 'सुइकोडेन' ऐका. चीनच्या जुन्या कथेवरून घेतलेला, १०८ वीरांचा. जपमाळेचे मणी मोजणाऱ्या माझ्या हाताला तो आकडा ओळखीचा वाटला, म्हणून मी आत शिरले आणि तिथल्या लोकसंगीताच्या वळणाच्या चालींपाशी थांबले. तामायो कावामोतोचा १९९४ चा 'रेफोर्स' ऐका. त्यातल्या विमानांशी मला काही देणंघेणं नाही, पण ते संगीत ऐकताना मी दोनदा दूध उतू घालवलंय.

आणि 'पँझर ड्रॅगून सागा'. १९९८ साली सेगाच्या सॅटर्न यंत्रावर आला आणि दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर पुन्हा निघालाच नाही. जुनं यंत्र आणि जुन्या तबकड्या असतील तरच खेळायला मिळणार. संगीत साओरी कोबायाशी आणि मारिको नांबा या दोघींचं. ओसाड वाळवंटावरून उडताना जसं वाटावं तसं, आणि शेवटचं गाणं त्या जगासाठी रचलेल्या काल्पनिक भाषेत. अर्थ एकाही शब्दाचा लागत नाही, तरी गळा दाटतो. २०१८ मध्ये, विसाव्या वर्षी, कोबायाशीनं हे संगीत नव्यानं बांधून अल्बम काढला. खेळ अडगळीत गेला, संगीत तिनं हातानं ओढून बाहेर काढलं. सगळ्यांनाच ते जमत नाही. यंत्रं बंद पडतात, कंपन्या विकल्या जातात, आणि चाल कुणाची हे सांगणारं माणूस म्हातारं होतं.

२०२३ साली ग्रॅमीनं व्हिडिओ गेमच्या संगीताला वेगळा पुरस्कार सुरू केला आणि पहिला मान स्टेफनी एकोनोमू या बाईला मिळाला. चांगलं झालं. मंचावर तिचं नाव पुकारलं, ते ऐकून मला जेम्स बनाना आठवला.

माझं मागणं मोठं नाही. मोठ्यांनी यातलं एक तरी खेळ बंद ठेवून, कानाला हेडफोन लावून, पुरतं ऐकावं आणि मगच नावं ठेवावीत. पोरांनी खेळ जिंकल्यावर शेवटची नामावली पळवू नये. त्यात खोटं नाव असेल तर खरं शोधावं, आणि चाल मोबाईलवर कुणाला पाठवली तर खाली ते लिहावं. कंपन्यांनी जुने खेळ नव्यानं विकताना या बायकांची खरी नावं पहिल्याच पानावर छापावीत. पैसे ते घेतातच, शाईला किती खर्च येतो?

भाच्याच्या फोनची रिंगटोन आता ग्रेडियसची आहे. परवा बँकेच्या रांगेत वाजली तेव्हा पुढच्या बाईनं वळून विचारलं, "कुठल्या सिनेमातलं ओ हे?"

"सिनेमा न्हवं काकू," तो म्हणाला, "मिकी हिगाशिनोचं हाय."