किंमत माशाची नव्हे, हाताची

टोकियोच्या गिन्झा भागात, भुयारी रेल्वे स्थानकाला लागून असलेल्या एका तळघरात 'सुकियाबाशी जिरो' हे सुशीचं दुकान आहे. खुर्च्या अवघ्या १०. १९२५ साली जन्मलेल्या जिरो ओनो यांच्या या दुकानामुळे उंची सुशी काउंटर जगभर माहीत झाले. अशा काउंटरवर एका जेवणाला ३० हजार येन आणि त्याहूनही पुष्कळ जास्त पडतात, आणि त्यात मिळतात ते वीसेक घास: बोटभर भात, वर माशाचा काप. एवढे पैसे कशाचे, असं विचारलं की 'ताज्या माशाचे' हे उत्तर लगेच येतं. किनारपट्टीवरच्या मराठी माणसाला तर ते चटकन पटतं. कल्ला उचलून लाल आहे का बघायचं, बोटानं दाबून बघायचं, ही आपली पारख. सुशीच्या बाबतीत मात्र हे उत्तर चुकीचं आहे, असं माझं मत आहे. मोल असतं ते मासा दुकानात आल्यानंतर त्यावर झालेल्या कामाचं. हे नीट ध्यानात न घेतल्यामुळे महाग सुशीची हौस भलत्याच वाटेला लागली आहे.

इतिहास याच बाजूनं साक्ष देतो. भाताच्या गोळ्यावर मासा ठेवून हातानं दाबायची निगिरी सुशी १८२०च्या दशकात एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, रूढ झाली. तिचं श्रेय सहसा हानाया योहेई या विक्रेत्याला देतात. गाड्यांवर उभ्याउभ्या खायचा तो पदार्थ. बर्फ हाताशी नव्हता, त्यामुळे समोरच्या उपसागरातला मासा खराब न होऊ देणं हेच कारागिराचं मुख्य काम होतं. काही मासे मीठ आणि व्हिनेगर लावून ठेवायचे, टूना सोया सॉसमध्ये मुरवायचा, आनागो ही समुद्री वाम शिजवायची आणि तिच्यावर गोडसर दाट रसाचा हात फिरवायचा. पुढं फ्रीज आले, टिकवण्याची गरज उरली नाही, तरी चांगल्या कारागिरांनी या पद्धती सोडल्या नाहीत, कारण चव त्यांतूनच येते. टूनासारखा मोठा मासा आजही अनेक जण काही दिवस थंडाव्यात मुरू देतात. नुकताच मारलेला मासा करकरीत लागतो खरा, पण त्याची रुची नंतर वाढत जाते.

कोहादाचंच बघा. तारली आणि पाला यांच्या गोतावळ्यातला हा लहानसा चंदेरी, काटेरी मासा. टूनाच्या भावापुढे अगदी किरकोळ. पोटातून चिरून तो सपाट उघडतात, काटा काढतात, मीठ भुरभुरतात. मीठ किती मिनिटं ठेवायचं हे माशाच्या आकारावर, त्या दिवसांतल्या त्याच्या चरबीवर आणि हवेवर ठरतं. मग तो धुऊन व्हिनेगरमध्ये बुडवायचा, काढायचा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवायचा. मीठ जास्त झालं तर मांस कोरडं पडतं; व्हिनेगर जास्त झालं तर आंबटपणाखेरीज काही उरत नाही. जपानी जाणकार कारागिराची परीक्षा कोहादावर करतात, ती याचसाठी. भाताचीही तीच गोष्ट. गरम भात पसरट लाकडी भांड्यात घेऊन, शितं न मोडता त्यात व्हिनेगर आणि मीठ कालवायचं, वारा घालायचा आणि खाणाऱ्यापुढे जाताना तो अंगाइतका कोमट ठेवायचा. हा कोमटपणा फार वेळ टिकत नाही, आणि भाताभोवतीचं नोरीचं, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचं, पान तर बघता बघता मऊ पडतं. एक माणूस घास वळून लगेच देऊ शकेल इतकीच माणसं समोर बसू शकतात. किंमत वाढते ती इथं.

यावर कुणी म्हणेल की हे कौशल्याचं नसतं स्तोम आहे. टोकियोत काही महिन्यांत सुशी शिकवणाऱ्या शाळा आहेत, आणि १९५८ साली योशिआकी शिराइशी यांनी ओसाकाजवळ फिरत्या पट्ट्यावरची सुशी सुरू करून ती सर्वांच्या खिशाला परवडेल अशी केली. या दोन्ही गोष्टी मला चांगल्याच वाटतात. सुरी चालवणं काही महिन्यांत येतही असेल. पण कोहादा वर्षभर बदलत असतो. त्याचे सगळे ऋतू एकदा बघायलाच वर्ष लागतं, आणि झालेली चूक सुधारायची संधी त्याच ऋतूत, पुढच्या वर्षी मिळते. अशा दुकानांत सर्वांना प्रवेश मिळत नाही, हा आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. ओळखीवर किंवा बड्या हॉटेलमार्फतच जागा मिळणं कुठल्याही कौशल्यासाठी गरजेचं नाही. सर्वसामान्यांना जागा राखता येत नाही म्हणून मिशेलिन या रेस्तराँ-मार्गदर्शिकेनं २०१९ मध्ये जिरोचं दुकान आपल्या यादीतून वगळलं, ते योग्यच केलं.

आणखी एक आक्षेप टूनाचा, आणि तो गंभीर आहे. २०१९च्या पहिल्या लिलावात टोकियोच्या तोयोसु मासळी बाजारात २७८ किलोचा एक ब्लूफिन टूना ३३ कोटी ३६ लाख येनला गेला. तो एका सुशी-साखळीच्या मालकानं घेतला होता, त्यामुळे त्या भावात जाहिरातीचा वाटा मोठा, हे उघड आहे. प्रशांत महासागरातला ब्लूफिन एके काळी इतका घटला होता की ३० किलोखालच्या पिल्लांची पकड निम्म्यावर आणायचं २०१४ मध्ये संबंधित देशांना ठरवावं लागलं. त्यानंतर तो बराच सावरला. आज ज्या चरबीदार पोटाच्या मांसासाठी लोक वाटेल तो भाव देतात, ते एदोच्या काळात लवकर नासतं म्हणून फेकून देत. तेव्हा ब्लूफिनवाचून उंची सुशी अडते, हे मला पटत नाही.

मुंबईतल्या महागड्या जपानी रेस्तराँतही मासा विमानानं जपानहून आला, हे अभिमानानं सांगितलं जातं. दाराशी समुद्र असताना आपल्या बांगड्यावर, सुरमईवर तसंच काम का होऊ नये? परजीवींची भीती खरी आहे, पण पुरेसं गोठवल्यावर ते मरतात. जपानमध्येही लांबच्या समुद्रातला टूना उणे ६० अंशांपर्यंत गोठवूनच आणतात. आपल्याकडे खरी अडचण बोटीपासून स्वयंपाकघरापर्यंत मासा सलग थंड ठेवण्याची आहे. त्यासाठी लागणारा पैसा या रेस्तराँकडे आहे. सध्या तो विमानभाड्यात जातो.