क्यू घडवून घ्यावा की तयार घ्यावा?

गेल्या उन्हाळ्यात एक डॉक्टरमित्र आपल्या पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. तक्रार खांदेदुखीची होती आणि ती किरकोळच निघाली. बोलता बोलता खेळाचा विषय निघाला. मुलाचे पूलचे वेड पाहून वडिलांनी दोन वर्षांपूर्वी अमेरिकेतील एका कारागिराकडे खास त्याच्या मापाचा क्यू घडवायला टाकला होता. तो हाती यायला चौदा महिने लागले. दरम्यान मुलगा अकरा सेंटिमीटर वाढला. "मग आता कोणत्या क्यूने खेळतोस?" असे मी विचारले, तेव्हा वडिलांकडे पाहत तो हळूच म्हणाला, "पार्लरमधल्याच, काका. घरचा नेत नाही. ओरखडा पडला तर..." पुढचे वाक्य त्याने पूर्ण केले नाही.

मी स्वतः वीस-बावीस वर्षे हौसेने हा खेळ खेळत आलो आहे आणि काही काळ घडवून घेतलेला क्यूही बाळगला आहे. त्या अनुभवावरून माझे मत असे की, खेळण्यासाठी क्यू हवा असेल तर कारखान्यात बनलेला चांगला क्यू पुरेसा आहे. घडवून घेतलेल्या क्यूची किंमत आपण मोजतो ती प्रामुख्याने कलाकुसरीसाठी. ती जरूर मोजावी, परंतु तिच्यामुळे खेळ सुधारेल या समजुतीने मोजू नये.

स्नूकरचा जन्म आपल्या मध्य प्रदेशातील जबलपूरचा, १८७५ सालचा मानला जातो. त्याचा क्यू बहुधा ॲश लाकडाचा आणि टोकाला साडेनऊ-दहा मिलिमीटर जाडीचा असतो. पूल हा अमेरिकेत वाढलेला खेळ. त्याचा क्यू सामान्यतः मेपलचा, टोकाला साडेबारा-तेरा मिलिमीटरचा, ५७-५८ इंच लांब, १८ ते २१ औंस वजनाचा आणि मध्यावर सांध्याने जोडलेला असतो. पुढचा भाग शाफ्ट आणि मागचा बट. नक्षी, आबनूस, शिंपल्याचे जडावकाम हे सारे बटवर असते आणि किंमतही मुख्यतः तेथेच चढते.

आता क्यूचे टोक पांढऱ्या चेंडूला किती वेळ स्पर्श करते, ते पाहू. हा काळ सुमारे एक ते दोन मिलिसेकंदांचा असतो. चेंडूला मध्यापासून बाजूला मारले की तो नेम धरलेल्या रेषेपासून किंचित विरुद्ध दिशेला सरकतो. हे सरकणे शाफ्टच्या पुढच्या काही इंचांच्या वजनावर अवलंबून असते, कारण तेवढ्या अल्प काळात आडवा धक्का त्यापलीकडे पोहोचतच नाही. टोक जितके हलके, तितके सरकणे कमी. हे ओळखून १९९० च्या दशकात प्रिडेटर कंपनीने लाकडाच्या फाका एकत्र चिकटवून आणि टोक आतून पोकळ करून हलका शाफ्ट बाजारात आणला. २०१६ मध्ये त्याच कंपनीचा कार्बन फायबरचा शाफ्ट आला. आज अनेक जण घडीव बटलाही असाच कारखान्याचा शाफ्ट जोडतात, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

यावर जाणकार म्हणतात, "पण हाताला जाणवणारा फरक?" तो फरक खरा आहे. मात्र मनगटापाशी मीडियन नर्व्हला उद्दीपन दिल्यावर मेंदूच्या कॉर्टेक्सवर पहिला प्रतिसाद सुमारे २० मिलिसेकंदांनी नोंदला जातो, हे आपण वैद्यकाचे विद्यार्थी असतानाच शिकलो. म्हणजे फटक्याची गोड जाणीव आपल्याला होते तेव्हा चेंडू केव्हाच निघून गेलेला असतो. ती जाणीव आनंद देते, पुढच्या फटक्याला आत्मविश्वासही देते, पण झालेल्या फटक्यात तिचा काही वाटा नसतो.

किंमत आणि परिणाम यांचे नाते तर आपल्या व्यवसायाला नवे नाही. २००८ साली 'जामा'मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ८२ स्वयंसेवकांना वेदनाशामक म्हणून औषधविरहित गोळी दिली. काहींना तिची किंमत अडीच डॉलर सांगितली, तर काहींना ती कमी करून दहा सेंट केल्याचे सांगितले. पहिल्या गटातील ८५ टक्के लोकांना वेदना कमी झाल्यासारखी वाटली, दुसऱ्या गटातील ६१ टक्के लोकांना. महागड्या क्यूने आपला खेळ सुधारल्याचे सांगणाऱ्या मित्रांना मी खोटे ठरवत नाही. त्यांनी ही गोळी घेतली आहे, एवढेच म्हणतो.

घडीव क्यूंच्या इतिहासातील सर्वांत मोठे नाव जॉर्ज बालाबुश्का यांचे. रशियात जन्मलेले हे कारागीर १९५९ पासून न्यूयॉर्कमध्ये क्यू बनवू लागले आणि १९७५ साली निवर्तले. त्यांच्या अनेक क्यूंचा पाया मात्र ब्रन्स्विक कंपनीच्या कारखान्यातील टायटलिस्ट क्यूंचा होता. पुढे 'द कलर ऑफ मनी' या १९८६ च्या चित्रपटात 'बालाबुश्का' म्हणून जो क्यू दाखवला, तो प्रत्यक्षात जॉस कंपनीचा होता. त्यामुळे बालाबुश्कांचे मोठेपण कमी होत नाही. मोठेपण त्यांच्या हातात होते आणि संग्राहक त्यासाठीच हजारो डॉलर मोजतात. विकत घेताना आपल्याला संग्राहक व्हायचे आहे की खेळाडू, हे मात्र आधी ठरवावे.

घडवून घेण्याची रास्त कारणेही आहेत. उंची किंवा हात सामान्यांहून फार वेगळे असतील, पकड विशिष्ट जाडीचीच हवी असेल, किंवा एखाद्या कारागिराची कला जवळ बाळगायची असेल, तर जरूर घडवावा. फक्त जुन्या घडीव क्यूंत हस्तिदंत वापरलेले असू शकते. आपल्याकडे त्याच्या व्यापाराला वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, म्हणून परदेशस्थ आप्तांकरवी असा क्यू मागवण्याचा मोह टाळावा. शिवाय इंदूरचा कोरडा वैशाख आणि त्यामागून येणारा पावसाळा लाकडाला मानवत नाही. उन्हात उभ्या मोटारीत विसरलेला माझा घडीव क्यू वाकला आणि त्याबरोबर माझा अभिमानही.

मुलांच्या बाबतीत तर मुळीच शंका नसावी. तेरा-चौदाव्या वर्षी मुलगे वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटर वाढतात. या वयात मापाने क्यू घडवणे म्हणजे लग्नाचा कोट दहावीत शिवून ठेवण्यासारखे आहे. तयार क्यू घ्यावा, टिप वेळच्या वेळी बदलावी आणि उरलेले पैसे चांगल्या शिक्षकाला द्यावेत. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण आपण मुलांना ऐकवतो. अंगण सोन्याने मढवले म्हणून नाच येत नाही, हे पालकांनाही कोणी तरी ऐकवायला हवे.

त्या डॉक्टरमित्रांना मी खांद्यासाठी विश्रांती सांगितली आणि क्यूसाठी एवढेच सांगितले की, पहिला ओरखडा तुमच्या हातून पडू द्या. ते क्षणभर गप्प राहिले. मग मुलाला म्हणाले, "रविवारी दोघेही जाऊ. तोच घेऊन."