वैमानिकाची फेरपरीक्षा : कशाची आणि कोणी घ्यावयाची?

१६ जुलै २०२१ रोजी शिरपूरच्या प्रशिक्षण संस्थेचे एक लहान विमान चोपडा तालुक्यातील वर्डी गावाजवळ सातपुड्यात कोसळले. शिकविणारा वैमानिक मृत्यू पावला, शिकणारी तरुणी गंभीर जखमी झाली. तेथवर रस्ता नव्हता. आसपासचे आदिवासी धावून गेले; एका भिल्ल स्त्रीने अंगावरची साडी दिली आणि तिची झोळी करून त्या मुलीला डोंगरातून खाली आणण्यात आले. त्या अपघाताच्या कारणांचा निवाडा येथे करावयाचा नाही. परंतु विमानविद्या हा धनिकांचा विषय, खांडबाऱ्याच्या कार्यकर्त्याला त्याचे काय, असे ज्यांना वाटते त्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा. खानदेशात आज शिकाऊ विमाने आपल्याच शेतांवरून आणि पाड्यांवरून उडत असतात.

परवाना मिळाल्यानंतर वैमानिकाची ठराविक मुदतीने तपासणी व्हावी, याविषयी कोणाचे दुमत नाही. वाद आहे तो ती तपासणी कशाची असावी याविषयी. व्यावसायिक परवान्यासाठी आपल्याकडे २०० तासांचे उड्डाण लागते आणि २०२३ साली या परवान्याची मुदत पाच वर्षांवरून दहा वर्षांवर नेण्यात आली. कागदाची मुदत वाढली की मधल्या तपासणीवरची जबाबदारी वाढते, हे साधे गणित आहे. अमेरिकेत खाजगी वैमानिकालाही दर चोवीस महिन्यांनी शिक्षकासमवेत निदान एक तास जमिनीवर व एक तास आकाशात उजळणी करावी लागते. ही कल्पना चांगली आहे. परंतु दोन तासांत नेहमीची वळणे आणि नेहमीचे उतरणे करून घेतले, वहीवर सही झाली, की विधी पार पडतो. तासांच्या नोंदीवर विसंबण्यातही अर्थ नाही. न उडताच उड्डाणाचे तास लिहिल्याची आणि बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळविल्याची प्रकरणे २०११ साली याच देशात उघडकीस आली होती.

मग पाहावयाचे काय? माझ्या मते मुख्यतः एकच गोष्ट : हा मनुष्य परत फिरू शकतो काय? ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोड येथे भर पावसात, पाठीमागून वारा असताना विमान उतरविण्यात आले. ते धावपट्टीच्या जवळजवळ मध्यावर टेकले, पुढे घसरून खाली कोसळले आणि २१ जण मरण पावले. कॅप्टन दीपक साठे हे वायुसेनेत घडलेले, अत्यंत अनुभवी वैमानिक होते. हात चालविण्याच्या कोणत्याही परीक्षेत ते पहिले आले असते. सहवैमानिकाने उतरणे सोडून पुन्हा वर जाण्यास सांगितले होते, असे चौकशी अहवाल म्हणतो. २२ मे २०१० रोजी मंगळूरला १५८ माणसे दगावली. तेथेही कनिष्ठाने हेच वारंवार सांगितले होते आणि मुख्य वैमानिक त्या उड्डाणात बराच वेळ झोपलेला होता. दोन्ही वेळा कंपनी सरकारच्या मालकीची होती, हेही आपण दडवू नये. राष्ट्रीयीकरणाने नफेखोरीला आळा बसतो; वरिष्ठापुढे कनिष्ठाचा शब्द न चालण्याची सवय त्याने आपोआप मोडत नाही.

म्हणून फेरपरीक्षेत ढग खाली उतरलेले, इंधन मर्यादित, वेळापत्रक चुकलेले, अशी स्थिती उभी करून वैमानिकाचा निर्णय तपासावा. सहवैमानिकाने हरकत घेतल्यावर तो काय करतो, हे पाहावे. लहान विमानाच्या शिक्षकाला तर आषाढातल्या सातपुड्याचा नकाशा पुढे ठेवून, कोणत्या दिवशी शिष्याला घेऊन उडणार नाही, हे विचारले पाहिजे. ‘आज उडणार नाही’ या उत्तराला गुण मिळाले पाहिजेत. आज त्याला बहुधा मालकाची नाराजी मिळते.

येथेच परीक्षक कोण हा प्रश्न येतो. विमान कंपन्यांतील वैमानिकांच्या नियतकालिक चाचण्या बहुतांशी त्याच कंपनीच्या सेवेतील, नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने मान्यता दिलेले परीक्षक घेतात. त्यांच्या सचोटीविषयी शंका नाही; परंतु ज्याचा पगार कंपनी देते त्याने कंपनीचे विमान उभे राहील असा शेरा लिहावा, ही अपेक्षा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला भाबडी वाटते. परीक्षक सार्वजनिक सेवेतला असावा. यावर सरकारचे उत्तर ठरलेले, माणसे नाहीत. महासंचालनालयाची जवळजवळ निम्मी पदे रिकामी असल्याचे संसदीय समितीनेच २०२५ साली दाखवून दिले. पदे न भरणे हेही एक धोरणच असते.

तपासणी कडक करा म्हटले की ती कामगाराच्या पाठीवरचा चाबूक होईल, अशी भीती वैमानिकांच्या संघटनांना वाटते. ती अनाठायी नाही. आमच्या खांडबाऱ्यावरून जाणाऱ्या सुरत–भुसावळ मार्गावरील गाडीचालकाला रेल्वे ठराविक काळाने वैद्यकीय तपासणीस व उजळणीस पाठविते, तो नोकरीचाच भाग मानला जातो. वैमानिकाच्या बाबतीतही खर्च मालकाचा आणि वेळ कामाचा असावा. जो कमी पडेल त्याला पगार चालू ठेवून पुन्हा शिकवावे व दुसरी संधी द्यावी, आणि पहिल्या अपयशाचा कागद बढतीच्या वेळी त्याच्यापुढे टाकला जाऊ नये. शिक्षणासाठी डोक्यावर लाखोंचे कर्ज घेतलेला तरुण वैमानिक त्याखेरीज परीक्षकापुढे आपली भीती कबूल करणार नाही.