गरिबाचे चित्र कोणी काढावे?

गरिबांच्या दुःखाचे चित्र काढून ते जगाला दाखविणे हे पुण्यकर्म आहे की व्यापार, हा प्रश्न वरकरणी चित्रपट काढणाऱ्यांचा वाटतो. परंतु मोबाइल फोनच्या रूपाने आज घरोघरी कॅमेरा येऊन बसला आहे. त्यामुळे तो आमच्या खेड्यापाड्यांतील कुटुंबांचाही प्रश्न झाला आहे. या आठवड्यात दोन ठिकाणच्या चित्रपटांच्या आधारे त्याचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. एक ठिकाण आहे दूरचा फिलिपीन्स देश आणि दुसरे आपल्या शेजारचे मालेगाव.

फिलिपीन्स हा आशिया खंडातील सर्वांत मोठा कॅथलिक देश. तेथे २०११ साली ‘अंग बाबाए सा सेप्टिक टँक’, म्हणजे ‘मैल्याच्या टाकीतील बाई’, या नावाचा एक अल्प खर्चाचा विनोदी चित्रपट निघाला. दिग्दर्शक मार्लन रिवेरा हे मूळचे जाहिरातीच्या व्यवसायातले. हा त्यांचा पहिलाच मोठा चित्रपट होता. कथा ख्रिस मार्टिनेझ यांची. चित्रपटकला शिकलेले तीन सुखवस्तू तरुण एका झोपडपट्टीतील आईची गोष्ट पडद्यावर आणू पाहतात. भुकेने गांजलेली ही आई पोटचे लेकरू परक्याच्या हाती विकते. त्या आईविषयी या तरुणांना काडीचाही कळवळा नाही. परदेशच्या महोत्सवात बक्षीस मिळावे, एवढाच त्यांचा हेतू आहे. उंची कॉफी पीत ते त्या आईचे दुःख कधी गाणी घालून, तर कधी अश्रू वाढवून सजवीत बसतात. युजीन डोमिंगो या नामवंत नटीने स्वतःचीच भूमिका केली आहे, आणि मैल्याच्या टाकीत खरोखरच उतरावे लागेल काय, याची तिला मोठी चिंता! पुढे हे तरुण जागा पाहण्यासाठी पायाटासच्या कचराकुंडीवर जातात, आणि इकडे त्यांची स्वतःची मोटार लुटली जाते.

हे पायाटास काल्पनिक नाही. १० जुलै २००० रोजी तेथील कचऱ्याचा डोंगर पावसाने ढासळला आणि त्याखाली दोनशेहून अधिक माणसे गाडली गेली. ही माणसे कचरा वेचून पोट भरणारी होती. ज्या जागी असा अनर्थ घडला, तिला केवळ ‘देखावा’ मानणाऱ्यांचे सोंग रिवेरा यांनी उघडे पाडले. त्या वर्षीच्या सिनेमालाया महोत्सवात चित्रपटाने अनेक पारितोषिके मिळविली, व देशातर्फे तो ऑस्करसाठीही पाठविण्यात आला. याच मालिकेचे पुढील भाग २०१६ व २०१९ साली निघाले. परक्याच्या गरिबीवर बक्षिसे मिळविणाऱ्यांची थट्टा करणाऱ्या चित्रपटालाच बक्षिसे मिळावीत, हाही एक विनोदच!

आता मालेगावाकडे वळू. मोसम नदी मालेगावापाशी गिरणेला मिळते, गिरणा पुढे तापीला मिळते, आणि तापी आमच्या सुरतेवरून समुद्राला जाते. दोन्ही शहरांत यंत्रमागांचा खडखडाट रात्रंदिवस चालतो. खानदेशातून सुरतेस येऊन लिंबायत, उधना या भागांत राहिलेली कितीतरी मराठी कुटुंबे या मागांवरच जगली आहेत. मागावर बारा तास उभे राहणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको.

मालेगावात श्री. नासिर शेख व्हिडिओगृह चालवीत. २००० सालाच्या सुमारास त्यांनी मित्रांना हाताशी धरून ‘मालेगाव के शोले’ काढला. मूळचा ‘शोले’ १९७५ सालचा. त्यातील ठाकूर झालेले संजीव कुमार हे आमच्या सुरतेत १९३८ साली जन्मले, म्हणून सुरतकरांना त्या चित्रपटाचे विशेष प्रेम. मालेगावच्या ‘शोले’त मात्र डाकू घोड्यांऐवजी सायकलींवरून आले! नट म्हणजे मागावरचे कामगार आणि लहानसहान दुकानदार. कॅमेरा पुढे सरकविण्यासाठी सायकल आणि उंच उचलण्यासाठी बैलगाडी. पाहणारे पोट धरधरून हसले, कारण पडद्यावर त्यांचेच गाव आणि त्यांचीच माणसे होती.

पुढे श्री. शेख यांनी ‘मालेगाव का सुपरमॅन’ हाती घेतला. फैझा अहमद खान यांनी ही सारी खटपट ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या २००८ सालच्या माहितीपटात टिपून ठेविली आहे. सुपरमॅन झाला शफीक शेख हा मागावरचा एक काटकुळा कामगार. चित्रणाच्या मध्येच कॅमेरा पाण्यात पडला, तरी कोणी हातपाय गाळले नाहीत. बाहेरच्या जगाला तेव्हा मालेगाव ठाऊक होते ते ८ सप्टेंबर २००६ च्या बॉम्बस्फोटांमुळे. त्या स्फोटांत तीसहून अधिक माणसे मेली होती. त्या रक्ताच्या चित्राशेजारी गावकऱ्यांनी आपले हसतेखेळते चित्र आपल्या हातांनी उभे केले. शफीकला मात्र पुढे कर्करोगाने गाठले आणि तो तरुणपणीच गेला. या मंडळींच्या जीवनावर रीमा कागती यांनी ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ हा चित्रपट काढला, व तो फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या देशात प्रदर्शित झाला.

वाचकहो, दोन्हीकडे गरिबी आहे आणि दोन्हीकडे हसू आहे. पण फिलिपीन्सच्या कथेतील तरुण दुसऱ्याच्या झोपडीकडे दुर्बीण लावून बसले होते, तर मालेगावचे कामगार आपल्याच अंगणात खेळत होते. पहिल्यांना गरीब माणूस हवा होता तो वस्तू म्हणून. दुसऱ्यांच्या खेळात तोच नायक होता, तोच लेखक होता आणि हसणाराही तोच होता.

चित्रपट म्हटला की पाप, असे ख्रिस्तसभेने कधीच म्हटलेले नाही. पोप अकरावे पायस यांनी १९३६ साली आणि पोप बारावे पायस यांनी १९५७ साली या विषयावर परिपत्रके काढली. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनेही १९६३ साली आपले मत मांडले. वाइटाचे चित्रण मनुष्याचा स्वभाव खोलवर जाणण्यास उपयोगी पडू शकते, परंतु ते नीतीच्या मर्यादेत असले पाहिजे, असा त्याचा आशय आहे. ही मर्यादा आम्ही साध्या शब्दांत अशी सांगू: ज्याचे चित्र काढतो, तो आपला शेजारी आहे हे विसरू नये.

मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. प्रभू येशूने तिला पाहिले आणि तिचे मोठेपण शिष्यांना दाखविले. तिचा फाटका पदर त्याने कोणास दाखविला नाही. आज मात्र आजाऱ्याला फळे द्यावयाची, घोंगडी वाटावयाची, तरी देणाऱ्याची पहिली नजर फोनकडे जाते. घेणारा बिचारा मान खाली घालून उभा! त्या घोंगडीची ऊब त्याला लाभेल. पण ते चित्र गावभर फिरल्यावर त्याच्या मुलांना शाळेत काय ऐकावे लागेल, याचा विचार कोणी करावयाचा?

म्हणून आईबापांना आमची विनंती आहे की, मुलांच्या हातून फोन हिसकावून घेऊ नका, तर त्यांना दोन गोष्टी शिकवा. दुसऱ्याच्या दुःखाचे चित्र त्याला विचारल्यावाचून काढू नये, आणि दान देताना तर मुळीच काढू नये. आणि मुलांना काही करून दाखवावयाचेच असेल, तर त्यांनी आपल्या गावाचे, आपल्या शेताचे, आपल्या आजीच्या गोष्टींचे चित्र काढावे. पैसा थोडा असला तरी चालेल, कारण मालेगावकरांचे काम सायकलीवर आणि बैलगाडीवर भागले होते. ज्याचे चित्र काढले, त्याला ते प्रथम दाखवावे. तो मोकळेपणाने हसला, तर पुढे इतरांना दाखविण्यास हरकत नाही.