एकत्र जेवणाऱ्यांचे ऋण

निवृत्तीची तयारी म्हटली की आपल्याकडे प्रथम पैशांचा विचार होतो आणि तो योग्यच आहे. निवृत्तिवेतन, उपदान, भविष्य निर्वाह निधी, आरोग्य विमा यांचे हिशेब सेवेच्या अखेरच्या वर्षी घरोघर मांडले जातात. पण तीस-पस्तीस वर्षे ज्या माणसांसोबत दुपारचा डबा उघडला, ती माणसे हार-श्रीफळ आणि चार भाषणे झाल्यावर एका संध्याकाळी आपल्या दिवसातून निघून जातात. त्याची तरतूद कोणत्याही तक्त्यात नसते. वाचकहो, भोवतालच्या निवृत्तांकडे पाहताना मला असे वाटू लागले आहे, की पहिल्या वर्ष-दोन वर्षांत येणारी उदासी पद गेल्यामुळे जेवढी येते, त्याहून अधिक हा डबा सुटल्यामुळे येते.

मी दूरसंचार खात्यात ट्रंक एक्स्चेंजवर ऑपरेटर होते. आजच्या तरुण वाचकांना हे काम समजावून सांगावे लागेल. परगावी फोन करायचा तर १८० क्रमांक फिरवून कॉल नोंदवावा लागे. तो ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग, हे ग्राहक सांगे आणि त्याप्रमाणे दर व क्रम ठरे. आम्ही कानाला हेडसेट लावून उंच बोर्डासमोर बसत असू आणि दोरीच्या टोकाचा प्लग योग्य छिद्रात खोचून दोन गावे जोडत असू. तीन मिनिटे झाली की तसे सांगायचे. लोकांच्या घरचा जन्म आणि मृत्यू पुष्कळदा त्यांच्याआधी आमच्या कानी येई. आणि आपले आसन सोडून उठणे शक्य नसे. शेजारच्या विभागातील कोणी येऊन खुर्चीवर बसली, हेडसेट तिने घेतला, की मगच जेवायला जाता येई. म्हणजे आमच्यापैकी प्रत्येकीने खाल्लेला प्रत्येक घास दुसऱ्या कोणाच्या तरी अर्ध्या तासावर उभा होता. त्या वेळी हे कोणाच्या मनातही येत नसे.

पुढे एसटीडी गावोगाव पोहोचली, बोर्ड बंद होत गेले, आम्ही १९७ च्या चौकशीवर आणि बिलांच्या खिडक्यांवर विखुरलो. १ ऑक्टोबर २००० रोजी खात्याचे निगम झाले. ३१ जानेवारी २०२० रोजी स्वेच्छानिवृत्ती घेऊन देशभरातील ७८ हजारांहून अधिक कर्मचारी एकाच दिवशी घरी गेले, त्यांत आमच्या धाकट्या मैत्रिणीही होत्या. त्यानंतरच्या काळात आमचे त्रैमासिक जेवण ठरले. नाशिकला, कॉलेज रोडच्या मागील गल्लीतील एका साध्या खानावळीत आम्ही चौदा-पंधरा जणी आणि तीन पुरुष जमतो. वरण-भात, अळूचे फदफदे, काकडीची कोशिंबीर, मठ्ठा आणि एकीच्या हट्टाखातर जिलबी.

अशा जेवणांविषयी उगाच गोड लिहिण्याची माझी इच्छा नाही. पहिली दोन जेवणे मला कंटाळवाणी वाटली होती. मुलांचे परदेशातील पगार, सुनांची गाऱ्हाणी आणि गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया यांपलीकडे गाडी जाईना. आजारांची तर चढाओढच लागे. तिसऱ्या वेळी मात्र एक मैत्रीण सहज म्हणाली, ‘माझा मुलगा तान्हा असताना सलग दीड महिना तू माझ्या रात्रपाळ्या घेतल्यास. मी तुला कधी काही बोलले नाही.’ जिला ती हे म्हणाली, तिला त्यातले काहीही आठवत नव्हते. मग एकेकीची आठवण निघू लागली. प्रसूतीच्या रजेनंतर दुधाने भिजलेला पदर झाकून कामावर आलेलीला कोणी आपली शाल दिली होती, नवऱ्याच्या दारूपायी पगार उरत नसे तिला कोणी सोसायटीच्या कर्जासाठी जामीन राहिले होते. आमच्या तेव्हाच्या पर्यवेक्षक बाई, वय ८३, हे सर्व ऐकून म्हणाल्या, ‘आणि मला वाटत होतं, तुम्ही पाळ्या बदलता त्या सिनेमाला जाण्यासाठी!’

कृतज्ञतेचा आरोग्याशी संबंध जोडणारे संशोधन गेल्या वीस-बावीस वर्षांत बरेच झाले आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही विद्यार्थ्यांना दहा आठवडे, दर आठवड्याला, ज्यांविषयी ऋणी वाटते अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या. कटकटी लिहिणाऱ्या गटापेक्षा या गटाने शारीरिक तक्रारी कमी आणि व्यायाम अधिक केल्याचे नोंदवले. मात्र ही मुले तरुण होती आणि नोंद त्यांची स्वतःचीच होती, हे विसरू नये. मोबाइलवर रोज पहाटे येणाऱ्या ‘कृतज्ञ राहा’ अशा फुलापानांच्या संदेशांनी रक्तदाब उतरतो, असा याचा अर्थ नव्हे. माझ्या मते कृतज्ञतेला नाव आणि तारीख असावी लागते. अमक्या वर्षी, अमकीने, अमुक केले, असे तिला तोंडावर सांगता आले पाहिजे.

आणखी एक भान ठेवावे लागते. आमच्या एक्स्चेंजमध्ये कंत्राटदाराकडून पाणी भरायला येणाऱ्या मावशींनाही आम्ही जेवणाला बोलावतो. निवृत्तीतले सुख या विषयावर बोलणे रंगले असता त्या म्हणाल्या, ‘तुमचं बरं आहे बायांनो, एक तारखेला खात्यात पैसे येतात.’ त्या आजही दोन घरची धुणीभांडी करतात. त्यांनी कृतज्ञ असावे, असा उपदेश त्यांना करण्याचा अधिकार आम्हांपैकी कोणालाही नाही.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचा प्रौढांच्या आयुष्याचा अभ्यास १९३८ पासून चालू आहे. आरंभी त्यात केवळ पुरुष होते, पुढे त्यांच्या पत्नी आणि मुलेही आली. त्याचे संचालक रॉबर्ट वॉल्डिंगर यांनी सांगितलेला एक निष्कर्ष आपल्या विषयाचा आहे. निवृत्तीत सर्वाधिक आनंदी तेच होते, ज्यांनी कामावरच्या सोबत्यांच्या जागी नवे सवंगडी प्रयत्नपूर्वक मिळवले. यातील ‘प्रयत्नपूर्वक’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. नोकरीत सोबत आपोआप मिळते. निवृत्तीत फोन करावा लागतो, रिक्षा ठरवावी लागते, ‘आज नको’ म्हणणाऱ्या मनाला उठवावे लागते.

आमच्यातील एकीने गेल्या वर्षी येणे थांबवले. पती गेल्यामुळे असेल, असे आम्ही धरून चाललो होतो. घरी गेल्यावर कारण कळले. तिला ऐकू कमी येऊ लागले होते. ‘आवाज येतो ग, शब्द कळत नाहीत. तुम्ही हसता तेव्हा मी नुसतीच हसते.’ आयुष्यभर कर्कश खरखरीतून लोकांचे शब्द टिपणाऱ्या या बाईला हे सांगताना किती लाज वाटत होती! वास्तविक यात लाजण्यासारखे काहीच नाही. वयोमानानुसार येणाऱ्या बहिरेपणात उच्च कंपनसंख्येचे ध्वनी आधी हरवतात. स्वर ऐकू येतात, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजने निसटतात आणि गोंगाटात तर वाक्याचा चुराडा होतो. मग माणूस घरी बसतो. ‘लॅन्सेट’च्या स्मृतिभ्रंशविषयक आयोगाने २०२० आणि २०२४ च्या दोन्ही अहवालांत टाळता येण्याजोग्या धोक्यांमध्ये श्रवणदोष आणि सामाजिक एकाकीपणा या दोहोंचा समावेश केला आहे. पहिल्यातून दुसरा कसा उद्भवतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

तिची श्रवणचाचणी झाली, दोन्ही कानांना यंत्रे आली. यंत्राची सवय व्हायला काही आठवडे लागतात, हे तिला श्रवणतज्ज्ञांनी आधीच सांगितल्यामुळे तिने ती खणात टाकून दिली नाहीत. आम्हीही आमच्या जेवणाची रीत बदलली. गर्दी होण्यापूर्वी, साडेअकराला जमायचे. पंखा आणि स्वयंपाकघर यांपासून दूरचे टेबल घ्यायचे. तिची खुर्ची भिंतीकडे पाठ करून, म्हणजे मागून गोंगाट येत नाही आणि सर्वांची तोंडे दिसतात. एका वेळी एकीनेच बोलायचे. हा शेवटचा नियम अर्थातच कोणी पाळत नाही.

वेळ लवकरची ठेवल्याचा आणखी एक लाभ झाला. आमच्यातील सहा जणींना मधुमेह आहे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेऊन जेवण लांबले, तर साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे. म्हणून ताट समोर येईपर्यंत गप्पांत वेळ घालवायचा नाही आणि औषधाची वेळ आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवायची. एकमेकींच्या गोळ्या ‘मला लागू पडली’ म्हणून देण्यास आमच्याकडे बंदी आहे. पर्यवेक्षक बाईंचा धाक याबाबतीत अजून टिकून आहे.

पुढचे जेवण नोव्हेंबरात आहे. त्याच महिन्यात हयातीचा दाखला द्यायचा असतो, त्यामुळे सकाळी बँकेत सगळ्यांनी एकत्र जायचे आणि तेथून थेट खानावळीत, असे ठरले आहे. यंत्रवाल्या मैत्रिणीला घ्यायला दोघी जातील. मावशींनी त्या दिवशीची कामे आदल्या संध्याकाळीच उरकण्याचे कबूल केले आहे. जिलबीऐवजी फळे असावीत, असा ठराव मी मांडला होता, तो चौदा विरुद्ध एक अशा मतांनी फेटाळला गेला.