जुन्या मोटारीची काटकसर

सातारा-सांगलीच्या रस्त्यावर धावण्यासाठी कोणी दोन आसनांची, टप उघडणारी बीएमडब्ल्यू झेड-४ जुनी विकत घेतली, तर त्यात समाजाचे काय गेले, असे साळसूदपणे विचारले जाते. नवी घेतली नाही, म्हणजे काटकसरच की! हा युक्तिवाद फसवा आहे. जुन्या गाडीला पुढे गिऱ्हाईक मिळेल, या भरवशावरच पहिला धनिक नवी गाडी घेतो. दुसरा खरेदीदार त्याच्या चैनीचा काही भार उचलतो, इतकेच.

कराची तऱ्हाही पाहावी. व्यापाऱ्याने अशी गाडी विकली तर १८ टक्के जीएसटी आहे खरा. पण तो खरेदी-विक्रीच्या किमतीतील फरकावर. एका गृहस्थाने ती परस्पर दुसऱ्याला विकली, तर तोही नाही. जुनी स्कूटर घेणाऱ्या शेतमजुराला ही सवलत योग्यच आहे. तिच्या आडोशाला झेड-४ ने का उभे राहावे? एसटीच्या प्रवाशाकडून मात्र वर्षानुवर्षे १७.५ टक्के प्रवासी कर वसूल होत आला. स्त्रियांना २०२३ पासून अर्धे तिकीट मिळाले, हे मान्य. पण जानेवारी २०२५ मध्ये भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले, तेव्हा कोणालाही काटकसर आठवली नाही.

दोन्ही जिल्ह्यांतील पक्षशाखांनी ठराव करून मागणी करावी : महागड्या जुन्या मोटारीची मालकी बदलताना किमतीच्या प्रमाणात मोटारवाहन कर घ्यावा व तो एसटीला द्यावा. मोटारवाहन कर राज्याच्या अखत्यारीत आहे. दिल्लीकडे बोट दाखवून मुंबईला सुटता येणार नाही.